बधिराची बाटली

चोपडा
सोमवार, ९ नोव्हेंबर १९८७

अक्का,

गुरुवारी तू न सांगता निघून गेलीस. सुनंदा म्हणाली, वन्सं पिशवी घेऊन चाललेल्या दिसल्या, मला वाटले बाजारात चालल्या. दोंडाईच्याला सुखरूप पोचलीस हे सुकदेवभाऊंच्या दुकानावर फोन केला तेव्हा कळले. तू फोनवर आली नाहीस. तुझ्या दिराला मी जास्त काही बोललो नाही.

आधी प्रमिलाबाईंची तब्येत सांगतो, कारण तुला तीच काळजी असणार. त्यांना परवा जळगावच्या दवाखान्यातून घरी सोडले. श्वासाचा धोका टळला आहे. उजवा गाल डोळ्यापर्यंत सुजलेला आहे, कातडी मानेपर्यंत काळीनिळी झाली आहे आणि खालच्या ओठाला स्पर्श कळत नाही. तोंड अर्धे बोट जाईल एवढेच उघडते. शाळेत जाता येत नाही, बोलणेच उमटत नाही. घरात पाटीवर लिहून दाखवतात.

खरी भीती दाढेची आहे. तिच्या मुळातल्या नळ्या आपण अर्ध्याच साफ केल्या होत्या, आणि पू अजून येत होता. त्या गडबडीत मी भोकात कापसाचा बोळा कोंबला, तो तसाच आहे. तोंड उघडत नाही तोवर दाढ धुता येत नाही, काढता येत नाही. आतला पू वाट न मिळून खाली मानेत उतरला तर पुन्हा श्वास कोंडेल, आणि त्या वेळी जळगाव गाठेपर्यंत वेळ मिळेलच असे नाही. इंजेक्शने चालू आहेत.

आता कामाचे लिहितो. काल प्रमिलाबाईंचे यजमान रुपचंदभाऊ आणि त्यांच्या गावचे झुलालनाना दवाखान्यात आले होते. पोलिसात जाणार नाही म्हणाले. पण रविवारी, २२ तारखेला, त्यांच्या गावी भाऊबंदांची बैठक आहे. ज्या बाईने बाटली बदलली तिने तिथे यावे, सगळ्यांसमोर प्रमिलाबाईंच्या पायाला हात लावून चूक कबूल करावी, म्हणजे विषय संपला.

त्या दिवशीचा क्रम खाली लिहितो. बैठकीत आपल्या दोघांच्या बोलण्यात फरक पडायला नको.

मंगळवार, ३ नोव्हेंबर. दुपारी चार. प्रमिलाबाईंची दुसरी खेप. मी दाढ उघडली, तू दिवा धरला होतास. पहिल्या दोन नळ्या मी पिचकारीत आधीच ओढून ठेवलेल्या धुण्याच्या औषधाने धुतल्या, तू ज्याला वासाचे पाणी म्हणतेस त्याने. हे सोडियम हायपोक्लोराइट आपण बधिराच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवतो, कारण रबरी बुचातून सुई घालून ते सरळ ओढून घेता येते आणि वास कोंडून राहतो. तिसऱ्या नळीत सुई घालताच त्यांना कळ आली. म्हणून जबडा बधिर करण्यासाठी ट्रेमधल्या उजवीकडच्या बाटलीतून मी औषध ओढले. उजवीकडे बधिराची बाटली असते. त्या दिवशी तिथे धुण्याची होती. जेमतेम अर्धा सीसी गेला आणि त्या किंचाळल्या.

मी रुपचंदभाऊंना त्याच दिवशी, जळगावच्या वाटेवर गाडीत सांगितले की बाटल्या अक्का भरते. हे खरेच आहे. नऊ वर्षे तूच भरतेस.

अक्का, चूक कोणाची हे आपण घरात बघून घेऊ. तुला फक्त “चुकलं माझं” एवढे दोन शब्द म्हणायचे आहेत. मी डॉक्टर आहे. हे दोन शब्द मी म्हटले तर या खुर्चीत उद्या कोण बसेल? तुझ्या नावापुढे पदवी नाही, तुझे त्यात काय जायचे आहे? रागावू नकोस. शांतपणे विचार कर. शनिवारी ये, रविवारी मी बरोबर असेन.

गिरधर


चोपडा
शनिवार, १४ नोव्हेंबर १९८७

अक्का,

तुझे उत्तर नाही. पोस्टमन रोज समोरच्या सायकलच्या दुकानापर्यंत येतो आणि तिथून वळतो.

गुरुवारी सुकदेवभाऊ इकडे आले होते. बसायला खुर्ची दिली तर उभेच राहिले. म्हणाले, “डॉक्टर, तुमची बहीण आमच्या घरात चार घास खाते, त्याचं काही नाही. पण तिनं तिथल्या प्रसूतिगृहात आयाच्या जागेसाठी विचारलं होतं. तिचं ठरलंही होतं. आता तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, जिनं पेशंटच्या तोंडात विष भरलं ती बाळंतिणीजवळ नको.”

मी म्हणालो, “हे तिकडे कोणी पोचवलं?”

“तुम्ही गाडीत ज्यांना सांगितलं त्यांनीच. रुपचंदची मावशी आमच्या गल्लीत आहे.”

पुढे ते म्हणाले, “वहिनी घरात काही बोलत नाहीत. मी विचारलं, तुम्ही खरंच भरली का बाटली? तर म्हणाल्या, गिरधरला विचारा. म्हणून विचारायला आलो.”

मी त्यांना काय सांगितले ते लिहायला मला जड जाते. मी म्हणालो, “तपास चालू आहे.” जणू काही तपास करणारा कोणी वेगळा आहे.

ते गेल्यावर मी डायरी काढली. सोमवारच्या पत्रात मी तुला लिहिलेला क्रम आठवणीतून लिहिला होता, डायरी उघडून नाही. का उघडली नाही हे स्वतःला विचारले. उत्तर डायरी उघडल्यावर मिळाले.

तुला माहीत आहे, मी दुपारी जेवण झाल्यावर चार ओळी लिहितो आणि दवाखाना बंद केल्यावर चार. ३ तारखेच्या पानावर दोन्ही नोंदी आहेत. दुपारची अशी: “नळाला पाणी नाही. अक्का दोन खेपा विहिरीवर. उकळायचे सामान तिच्याकडे, म्हणून बाटल्या मीच भरल्या. हातमोज्याला औषधाचा वास.” संध्याकाळची अशी: “प्रमिलाबाईंना जळगावला पोचवले. अक्काच्या हातून बाटली बदलली गेली.”

दोन्ही माझ्याच अक्षरात. मध्ये एका ओळीची मोकळी जागा आहे. ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. सुनंदासुद्धा नाही. मग संध्याकाळी मी ते कोणासाठी लिहिले?

म्हणजे त्या दिवशी बाटली मी भरली आणि उजवीकडे मीच ठेवली. तू दुपारीच हे जाणत होतीस. बुधवारी दिवसभर तू माझ्यासमोर वावरलीस, मला ताट वाढलेस आणि एक शब्द बोलली नाहीस. मी बोलण्याची वाट पाहत होतीस का?

हे सगळे तुला लिहिले. तरी अक्का, रविवारचे काय करायचे ते मला कळत नाही. बैठकीत आत्ता मी वेगळे सांगितले तर रुपचंदभाऊ म्हणतील, दहा दिवस खोटे बोललास, आणि ते पोलिसात जातील. तू एकदा येऊन जा. मागाहून मी हळूहळू सगळे नीट करीन. प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंना मी स्वतः भेटेन. एवढे एकदा कर.

प्रमिलाबाईंचे तोंड आता पाऊण बोट उघडते असा निरोप आहे. परंतु काल ताप आला होता.

गिरधर


चोपडा
बुधवार, १८ नोव्हेंबर १९८७

अक्का,

आज तुझे कार्ड आले. “येते. तू सांगशील तसं म्हणते. बठ्ठं. मंजुळा.”

बठ्ठं, म्हणजे सगळेच. मी ते सुनंदाला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मग झालं तुमचं काम.” थोड्या वेळाने म्हणाली, “मी इतकी वर्षं नणंद म्हणून त्यांना दोन शब्द बोलले असेन, चार ऐकले असतील. पण असं मी त्यांना कधी करू शकले नसते. ते भावालाच जमतं.”

मी दवाखान्यात जाऊन बसलो. दोन पेशंट होते, त्यांना उद्या या म्हणालो.

तू नाही म्हणशील, भांडशील, सुकदेवभाऊंना पुढे करशील, असे मी धरून चाललो होतो. तू भांडली असतीस तर मला माझ्या बाजूने बोलायला काहीतरी मिळाले असते. आता तू येणार, माझ्या शेजारी उभी राहणार, वाकणार, आणि मी बघत राहणार. मी ते चित्र शेवटपर्यंत मनात चालवून पाहिले. त्यात मी काय करतो आहे, माझे हात कुठे आहेत, हे मला दिसेना.

म्हणून जे मागच्या दोन पत्रांत लिहिले नाही ते आता लिहितो. बाटली मी भरली एवढेच खरे नाही.

तू सुरुवातीपासून धुण्याच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधायचीस. मी कधी सांगितले नव्हते, तू तुझ्या मनाने बांधलास. बाटली रिकामी झाली की दोरा काढून उकळायचीस आणि नव्या बाटलीला बांधायचीस. नऊ वर्षे माझा हात त्या दोऱ्यावर चालत होता. नजर न टाकताही बोटाला कळायचे.

श्रावणात धुळ्याचा लीलाधर आला होता, माझ्याबरोबर मुंबईला शिकलेला. त्याने ट्रे पाहिला आणि हसला. “गिरधर, तुझ्या बाटलीलाही दृष्ट लागते का रे? लिंबू-मिरची कुठे आहे?” पेशंट बसलेला होता, तोही हसला. तू म्हणालीस, “दादा, ते वासाचं पाणी शे, वयखू येवाले बांधं.” ओळखू यावे म्हणून बांधले, हे इतके सरळ उत्तर होते. मला मात्र लाज वाटली. उत्तराची नाही, तुझ्या बोलीची. मी तुला आत बोलावून म्हणालो, “अक्का, पेशंटसमोर मध्ये बोलत जाऊ नकोस. आणि तो दोरा काढ, हा दवाखाना आहे.”

तू कात्रीने दोरा कापलास. त्यानंतर मी चिकटपट्टीचे दोन तुकडे घेतले आणि शाईच्या पेनने एकावर ‘बधिर’, एकावर ‘धुणे’ लिहिले. मला तेव्हा ते शास्त्रीय वाटले.

धुण्याचे औषध रंग खाते. हे मला माहीत आहे, मी शिकलेलो आहे. तुझ्या निळ्या लुगड्यावर त्याचे पांढरे ठिपके पडलेले मी रोज पाहत होतो. सुई काढताना बुचावरून थेंब ओघळतो, पट्टीवर येतो. पंधरा दिवसांत ‘धुणे’ हा शब्द फिका झाला, दिवाळीच्या आत नाहीसा झाला. दुसऱ्या पट्टीची शाई स्पिरिटने पुसली गेली. दोन कोऱ्या पट्ट्यांच्या, दोन सारख्या बाटल्या. मी ते पाहिले होते. ‘पुन्हा लिहायचे’ असे १९ ऑक्टोबरच्या पानावर लिहिलेसुद्धा आहे. मग डावी-उजवीकडच्या सवयीवर चालवत राहिलो. वास आला पाहिजे होता म्हणशील, पण आधीच्या दोन नळ्या धुतल्याने खोलीभर तोच वास होता.

दोरा असता तर माझ्या बोटाला कळले असते. हे मी त्या किंकाळीनंतर पहिल्या क्षणी जाणले. प्रमिलाबाईंच्या तोंडात पाणी मारत होतो तेव्हा. आणि त्याच दिवशी गाडीत म्हणालो, बाटल्या अक्का भरते.

रविवारी तू येऊ नकोस. हे पत्र शनिवारपर्यंत तुला मिळायला हवे. मी उद्या सकाळच्या गाडीने प्रमिलाबाईंच्या गावी जातो. आधी त्यांना एकट्यांना सांगायचे आहे, बैठकीत नाही. ज्यांनी हे सोसले त्यांनी ते पहिल्यांदा गर्दीत ऐकणे बरे नव्हे. हे कारण खरे आहे का, की गर्दीची भीती वाटते म्हणून? दोन्ही असावे.

गिरधर


चोपडा
शुक्रवार, २० नोव्हेंबर १९८७

अक्का,

हे पत्र रविवारनंतरच तुझ्या हातात पडेल हे माहीत आहे. तरी लिहितो, कारण काल जे झाले ते आजच लिहिले पाहिजे. दोन दिवस गेले की मी त्यात दुरुस्त्या करतो असे मला आता माझ्याबद्दल कळले आहे.

त्यांचे घर केळीच्या बागेला लागून आहे. ओट्यावर प्रमिलाबाईंच्या सासूबाई भागाबाई शेंगा फोडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “या डॉक्टर. लोके म्हनेत तुन्हा हात सोनाना शे. आते मन्ही सूनना गाल दख, कोनता सोनाना रंग शे तो.”

माझ्या सोन्याच्या हाताबद्दल हे ऐकून मी खाली मान घालून आत गेलो. प्रमिलाबाई खाटेवर बसल्या होत्या. गालाचा काळा रंग आता पिवळा पडतो आहे, पण जबड्याखाली नवी सूज दिसली. हात लावला तर गरम आणि कठीण. ताप होता. मला ज्याची भीती होती तेच सुरू झाले होते. कापसाच्या बोळ्याखाली पू कोंडला होता आणि खालची वाट धरत होता.

रुपचंदभाऊ दारात उभे होते. मी त्यांना म्हणालो, दोन गोष्टी आहेत. एक सांगायची आहे, एक करायची आहे. आधी सांगतो, म्हणजे दुसरी करू द्यायची की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. मग सगळे सांगितले. दोऱ्याचे, पट्टीचे, डायरीतल्या दोन नोंदींचे.

रुपचंदभाऊ म्हणाले, “सोळा दिन! सोळा दिन ती बाईले शिव्या दिन्यात आम्ही. आनि तू आयकत बठना?”

मी म्हणालो, “हो.”

त्यांनी माझी कॉलर धरली. भागाबाई ओट्यावरून ओरडल्या, “सोड त्याले! आधी पोरना ताप दख!” प्रमिलाबाईंनी पाटी खाटेच्या लाकडावर आपटली, तेव्हा त्यांनी सोडले.

त्यांनी पाटीवर लिहिले: “सुई भरताना बाटली पाहिली नाही?”

“पाहिली,” मी म्हणालो. “तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तरी भरली.”

त्यांनी ते पुसले. मग: “आता काय करायचं आहे?”

मी सांगितले. तोंड एक बोट उघडते आहे तेवढ्यातून बारीक चिमटा घालून कापसाचा बोळा काढायचा. पू वाहू द्यायचा. वाकड्या सुईने उकळलेल्या मिठाच्या पाण्याने वरवर धुवायचे, दाब न देता, आणि दाढ उघडी ठेवायची. सुई टोचायची नाही. हे नको असेल तर आत्ताच्या आत्ता गाडी करून जळगाव. तिथे पोचायला अडीच तास लागतील. मी बरोबर येतो, किंवा मी नको असेन तर पत्र लिहून देतो.

रुपचंदभाऊ म्हणाले, “हात लावू देऊ नको याले.”

प्रमिलाबाई माझ्याकडे बघत होत्या. चौथीच्या वर्गावर अशाच बघत असतील. मग पाटीवर लिहिले: “पाणी इथलं. मीठ इथलं. आधी तुम्ही प्या.”

भागाबाईंनी पाणी उकळले, मीठ घातले, निवू दिले. माझी पिचकारी त्यांनीच त्याच पाण्यात उकळली. मी भांड्यातून वाटीभर पाणी घेतले आणि सगळ्यांसमोर प्यालो. त्यांनी अजून एक वाटी पुढे केली, तीही प्यालो.

त्या खिडकीशी बसल्या आणि तोंड उघडले. एक बोट. बोळा तिसऱ्या खेपेला निघाला. त्यामागोमाग पू आला, आणि तो वास तुला माहीत आहे. रुपचंदभाऊ बाहेर गेले. मी धुवत राहिलो. दर वेळी पिचकारी भरण्याआधी भागाबाई भांडे पुढे करायच्या आणि “दख” म्हणायच्या. मी बघायचो. हळूहळू पू कमी झाला, पाणी नितळ यायला लागले. प्रमिलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण त्यांनी माझा हात धरला नाही, ढकलला नाही.

मी चार तास थांबलो. उतरत्या उन्हात जबड्याखालचा कठीणपणा मऊ झाला आणि ताप उतरू लागला. निघताना त्यांनी पाटी दाखवली: “रविवारी हे सगळ्यांसमोर सांगाल?”

मी हो म्हणालो. त्यांनी पाटी पुसली नाही, तशीच भिंतीला टेकवून ठेवली.

गिरधर


चोपडा
मंगळवार, २४ नोव्हेंबर १९८७

अक्का,

माझे बुधवारचे पत्र तुला शनिवारी मिळाले होते, हे बैठकीतच तुझ्या तोंडून कळले. येऊ नकोस असे लिहिलेले असूनही तू आलीस. गाडीतून उतरून सरळ बैठकीच्या ओट्याकडे आलीस आणि बायकांच्या बाजूला बसलीस. माझ्याकडे पाहिले नाहीस. तुला पाहिल्यावर मला आधी तयार केलेली वाक्ये आठवेनात, ते एका अर्थी बरेच झाले.

मी काय बोललो ते तू ऐकले आहेस. झुलालनानांनी मला मध्ये तोडले नाही. मी संपवल्यावर त्यांनी तुझ्याकडे बोट केले: “मंग हाई बाई कसाले उनी?”

तू उभी राहिलीस. पदर नीट केलास आणि म्हणालीस, “माले बी एक सांगनं शे.”

तुझे शब्द मी त्याच दिवशी परतीच्या गाडीत लिहून घेतले, म्हणून तसेच देतो. “येऊ नको असं त्यानी लिखेल पत्र माले काल भेटनं. बाटली त्यानी भरी, ते खरं. पन ती उजवीकडे ठेयेल व्हती आनि कोरी व्हती, ते माले दिसनं व्हतं. मी दिवा धरीसन उभी व्हतू. सांगू म्हनं. पन डॉक्टरनी सांगेल व्हतं, पेशंटसमोर बोलू नको. मंग मी गप बसनू. माले वाटनं, शिकेल मानूस शे, त्याले कळस. पोरी, मी बोलनू असतू तर तुन्हा गाल वाचता. माले हाई सांगाना करता येनं पडनं.”

एवढे सांगायलाच तू आली होतीस. आणि तू प्रमिलाबाईंच्या पायांकडे वाकलीस. त्यांनी तुझे दोन्ही हात वरच्या वर धरले.

आता मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. बाकीचे पत्र यासाठीच लिहायला घेतले आहे.

झुलालनाना म्हणाले, “मंग दोन्हीसनी चूक शे.” लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी म्हणाले, बराबर, दोन्हीसनी. आणि अक्का, त्या क्षणी मला बरे वाटले. ते मी मुद्दाम वाटून घेतले नाही. ते आपोआप, अंग सैल पडावे तसे झाले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हे माझ्या एकट्यावर नाही असे वाटले. जी गोष्ट मी तुझ्यावर खोटेपणाने टाकली होती ती तू आपल्या हाताने, खरेपणाने, अर्धी उचललीस, आणि मी ती तुला उचलू दिली.

किती वेळ? झुलालनानांनी तंबाखू मळली, चुना लावला, हात झटकला आणि चिमूट तोंडात ठेवली, तेवढा वेळ मी गप्प बसलो. त्या वेळात तू उठलीस, भागाबाईंना काही बोललीस आणि गाडीच्या रस्त्याकडे चालू लागलीस.

मग मी बोललो. मी म्हणालो, “नाना, दोघांची नाही. तिनं पाहिलं आणि बोलली नाही, कारण तिचं बोलणं मीच बंद केलं होतं. तिच्या गप्प बसण्याची चूकसुद्धा माझ्याकडे धरा.” रुपचंदभाऊ म्हणाले, “आते तरी खरं बोलना.” बैठक तेवढ्यावर उठली.

प्रमिलाबाईंचे तोंड आज दोन बोटे उघडते. सूज उतरली आहे. नळ्या धुवायच्या राहिल्या आहेत त्या आता लीलाधर धुईल. पुढच्या आठवड्यापासून त्या धुळ्याला जाणार, माझ्याकडे नाही. मी त्याला सगळे लिहून कळवले आहे, तो हसला होता तेही. खुर्चीत कालपासून तीन पेशंट बसले. एकाने सुई भरताना माझा हात धरून बाटलीवरची अक्षरे वाचली.

प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंना मी सही-शिक्क्यानिशी पत्र पाठवले आहे, त्याची प्रत सोबत आहे. त्यात तू जे बैठकीत सांगितलेस तेही लिहिले आहे, कारण ते तू सांगितलेस. पण तू का बोलली नाहीस हे त्याच्या खाली लिहिले आहे. जागा मिळेल की नाही, माहीत नाही. ये असे मी आता लिहीत नाही. मागे लिहिले तेव्हा तू काही न विचारता कार्डावर ‘येते’ म्हणालीस.

रविवारी बैठक उठताच मी पळत रस्त्यापर्यंत आलो होतो, पण गाडी सुटली होती. नानांना मी नंतर जे बोललो ते तू ऐकले नाहीस. त्याआधी गप्प बसलो, तेवढे मात्र ऐकलेस.

गिरधर